रामानुजनने नोकरी कशी शोधली?

गेल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टला अचानक टाळं लागलं आणि मी नोकरीच्या बाजारात येऊन उभा राहिलो. सवयीप्रमाणे एक एक्सेल शीट उघडलं. कंपनी, पद, अर्जाची तारीख, पुढे काय झालं. दोन महिन्यांत १४० ओळी भरल्या आणि शेवटचा रकाना जवळजवळ सगळा कोरा! रोज रात्री पाच-दहा ठिकाणी तोच रेझ्युमे टाकायचा आणि 'चला, आज बरंच काम झालं' असं स्वतःला सांगून झोपायचं, असा उद्योग चालला होता.

त्याच दिवसांत श्रीनिवास रामानुजनचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. कॉलेजात असताना वाचलं होतं तेव्हा लक्षात राहिले ते १७२९ हा आकडा आणि स्वप्नात येणारी नामगिरी देवी. या वेळी मात्र भलतंच काहीतरी दिसलं. मधली कितीतरी पानं चक्क एका बेकार तरुणाची आहेत हो! तेव्हा त्याचं वय बावीस ते पंचवीस. माझ्यापेक्षा लहान. म्हणून इथे त्याला एकेरीच म्हणतो, रागावू नका.

आपण ही गोष्ट नेहमी अशी ऐकतो: मद्रासच्या एका गरीब कारकुनाने केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिलं, हार्डीने हिरा ओळखला, संपलं. लॉटरी लागल्यासारखी. पण त्या पत्राच्या आधी तीन-साडेतीन वर्षांचा नोकरीशोध आहे. तो शोध हळूहळू कसा नेमका होत गेला, ते मला या वेळी दिसलं.

सुरुवात अगदी वाईट होती. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्याला स्कॉलरशिप मिळाली आणि गेलीसुद्धा, कारण गणित सोडून बाकी कशातच लक्ष नाही. १९०६ साली मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात दुसरी खेप. एफ.ए.ची परीक्षा (मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी द्यायची) १९०६ आणि १९०७ अशी दोनदा दिली, दोन्ही वेळा नापास. जुलै १९०९ मध्ये लग्न झालं. आता कमवायला तर हवंच. शिकवण्या करून पाहिल्या, पण अभ्यासक्रम सोडून आपल्याच वाटेने जाणारा मास्तर कोणाला परवडणार? हातात होतं काय, तर मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि सूत्रांनी भरलेल्या वह्या.

आता इथे आपण काय केलं असतं? जिथे जिथे कारकुनाची जागा आहे तिथे तिथे अर्ज ठोकले असते. मॅट्रिक पास, अक्षर बरं, हिशेब येतो. रामानुजन १९१० साली तिरुकोईलूर नावाच्या गावी गेला. तिथे व्ही. रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. मागायची होती साधी कारकुनीच. पण हेच डेप्युटी कलेक्टर का? कारण रामस्वामी अय्यर म्हणजे १९०७ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी सुरू करणारे गृहस्थ. (आपल्याकडचा धागा म्हणजे या सोसायटीचं मुख्यालय पुण्यात होतं आणि ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात, जिथे तेव्हा रँग्लर परांजपे प्राचार्य होते.) म्हणजे नोकरी देऊ शकणारे अधिकारी पुष्कळ होते, पण वही वाचू शकणारा अधिकारी विरळा. रामानुजन त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे गेला.

आणि गंमत बघा, अय्यरांनी वही चाळली आणि नोकरी दिलीच नाही! अशा माणसाला महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर बसवून त्याची बुद्धी मारून टाकायची त्यांना इच्छा नव्हती. त्यांनी ओळखीची पत्रं दिली आणि मद्रासला धाडलं. तिथून शेषू अय्यर, ते पूर्वी कुंभकोणमला त्याचे प्रोफेसर होते. त्यांच्याकडून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव, जे त्याच सोसायटीचे सेक्रेटरी. आपण ज्याला रेफरल म्हणतो तो हाच. फक्त इथे प्रत्येक माणसाने पुढे पाठवण्याआधी वही उघडून पाहिली होती. 'माझ्या मित्राचा भाऊ आहे, बघ जरा' यातला हा प्रकार नव्हे.

रामचंद्र रावांची भेट तर प्रत्येक इंटरव्ह्यूआधी आठवावी अशी आहे. समोर बुटका, स्थूल, दाढी वाढलेला, कपडे यथातथाच असलेला एक तरुण, काखेत जीर्ण वही. त्यातलं रावांना सुरुवातीला काही कळेना. मग रामानुजनने आधी सोपे निष्कर्ष दाखवले. ते पाहून रावांना कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. मग पायरी-पायरीने तो त्यांना अवघड भागाकडे घेऊन गेला आणि शेवटी राव पूर्ण पटले. तुला हवंय तरी काय, असं विचारल्यावर उत्तर अगदी छोटं होतं: पोटापुरते पैसे, म्हणजे संशोधन करता येईल. रावांनी महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून सुरू केले.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. १९११ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये रामानुजनचं काम छापून येऊ लागलं. आधी कोडी. एक वर्गमुळात वर्गमूळ, त्यात पुन्हा वर्गमूळ असं अनंतापर्यंत जाणारं होतं. सहा महिने कोणाचंच उत्तर आलं नाही, शेवटी उत्तर त्यानेच दिलं: ३. मग बर्नूली संख्यांवरचा पहिला लेख. तो लेख संपादकांकडून दुरुस्तीसाठी वारंवार परत आला, कारण रामानुजन काय म्हणतोय ते वाचणाऱ्याला कळेना. पण त्या घासाघाशीत तो दुसऱ्याला समजेल असं लिहायला शिकत गेला असणार, असं मला वाटतं. एरवी घरातल्या वहीला हा फीडबॅक कुठून मिळणार?

फार काळ दुसऱ्याच्या पैशावर राहणं त्याला रुचेना. १९१२ च्या सुरुवातीला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काही आठवडे तात्पुरती नोकरी केली, महिना २० रुपये. आणि ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याने मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. हा अर्ज जगप्रसिद्ध आहे आणि अतिशय साधा आहे. तुमच्याकडे जागा आहे असं कळलं, मी मॅट्रिक पास आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो पण पुढे परिस्थितीमुळे जमलं नाही, मधला सगळा वेळ गणितात घालवला, काम नीट करीन याची खात्री आहे. बस्स! सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्रोफेसर मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र.

या अर्जात काय नाही ते बघा. एकही सूत्र नाही. हिशेबाच्या खात्याला सूत्रं काय करायची? शिक्षणातली पडझड लपवलेली नाही आणि तिच्यावर रडगाणंही नाही. १ मार्च १९१२ पासून तो कामावर रुजू झाला. ही 'ड्रीम जॉब' नव्हती, पण कचेरी चुकीची नव्हती. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर हे मॅथेमॅटिकल सोसायटीचे खजिनदार, आणि चेअरमन सर फ्रान्सिस स्प्रिंग हे इंजिनिअर. म्हणजे पोटापाण्याची सोय झाली ती वही वाचणाऱ्या माणसांच्या शेजारीच.

मग बाहेरचे प्रयत्न सुरू झाले. मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ग्रिफिथ यांनी लंडनमधले आपले प्रोफेसर हिल यांच्याकडे रामानुजनचं काम पाठवलं. हिल यांचं उत्तर आलं: मुलाला आवड आहे, थोडी कुवतही आहे, पण अनंत श्रेणींच्या बाबतीत चुकलाय, अमुक पुस्तक वाच. थोडक्यात, 'आम्ही तुमचा रेझ्युमे रेकॉर्डवर ठेवू'. :) केंब्रिजच्या बेकर आणि हॉब्सन यांच्याकडून तर काहीच मदत मिळाली नाही. दोघेही त्या काळचे नामवंत. नावं मोठी होती, पण ही वही त्यांच्यासाठी नव्हती.

१६ जानेवारी १९१३ चं हार्डीला लिहिलेलं पत्र या सगळ्यानंतरचं आहे. सुरुवातीला सरळ ओळख: मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, पगार वर्षाला फक्त २० पौंड. आणि मग थेट मुद्दा. हार्डीची 'ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी' नावाची पुस्तिका १९१० साली आली होती. रामानुजनने पान क्रमांकासकट लिहिलं, की पान ३६ वर तुम्ही म्हणता मूळसंख्या मोजण्याचं नेमकं सूत्र अजून सापडलेलं नाही. मला वास्तवाच्या अगदी जवळ जाणारं सापडलं आहे. सोबत पानंच्या पानं सूत्रं, सुमारे १२०.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या १४० अर्जांपैकी एकाही अर्जात समोरच्या कंपनीचं 'पान ३६' नव्हतं. ते लोक काय बनवतात, कुठे अडलेत, मला त्यातलं काय सोडवता येईल, यातलं काही नाही. 'डियर सर ऑर मॅडम' आणि अटॅचमेंट.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे मूळसंख्यांबद्दलचा तो दावा पुढे चुकीचा निघाला! पण पत्राने आपलं काम केलं होतं. त्या रात्री हार्डी आणि लिटलवुड ती पानं घेऊन बसले. हार्डीने ८ फेब्रुवारीच्या उत्तरात निष्कर्षांची वर्गवारीच करून दिली: काही आधीपासून माहीत असलेले, काही नवे पण फार महत्त्वाचे नाहीत, काही नवे आणि महत्त्वाचे. आणि सिद्धता मागितल्या.

२७ फेब्रुवारीच्या पत्रात रामानुजनने काय मागितलं? केंब्रिजला बोलवा असं नाही. मी अर्धपोटी माणूस आहे, डोकं चालायला अन्न हवं. तुमच्याकडून एखादं सहानुभूतीचं पत्र आलं तर इथल्या विद्यापीठाची किंवा सरकारची स्कॉलरशिप मिळायला मदत होईल. समोरच्याला सहज देता येईल एवढंच मागणं. तिकडे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असताना स्प्रिंग यांनी त्यांना ते काम दाखवलं आणि वॉकर यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. वॉकर हेही परांजप्यांसारखेच केंब्रिजचे सीनियर रँग्लर. मे १९१३ पासून पदवी नसलेल्या या माणसाला मद्रास विद्यापीठाची महिना ७५ रुपयांची स्कॉलरशिप मिळाली, पगाराच्या दुपटीहून जास्त. १७ मार्च १९१४ रोजी तो जहाजाने इंग्लंडला निघाला. १९१८ साली रॉयल सोसायटीचा फेलो झाला. २६ एप्रिल १९२० रोजी बत्तिसाव्या वर्षी गेला. असो.

इथे थांबलो तर ही गोष्ट 'यशाची पाच सूत्रं' छापाची होईल, आणि ते खरं होणार नाही. रामस्वामी अय्यर, शेषू अय्यर, रामचंद्र राव, नारायण अय्यर ही साखळी नुसती गणितावर उभी नव्हती. रामानुजन गरीब होता, पण ब्राह्मण होता, इंग्रजी शिकलेला होता. जीर्ण वही घेऊन डेप्युटी कलेक्टरसमोर जाऊन बसणं १९१० सालच्या मद्रास इलाख्यात किती जणांना शक्य होतं? ज्यांना नव्हतं, त्यांच्या वह्यांचं काय झालं ते कोणत्याच चरित्रात नाही. आमच्या आयटीतही फार वेगळं नाही. रेफरल फिरतात ते त्याच दोन-चार कॉलेजांच्या ग्रुपवर. 'योग्य माणूस गाठा' हा सल्ला सोपा आहे, पण तो माणूस कुठे राहतो हेच ज्याला माहीत नाही त्याने काय करायचं?

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र खरं, की साखळीबाहेर, हजारो मैलांवर, ओळखदेख नसताना पाठवलेलं एक पत्रही वाचलं गेलं. तिघांनी फारसं मनावर घेतलं नाही, चौथ्याने एक संध्याकाळ दिली.

माझं म्हणाल तर मी ते एक्सेल शीट बंद केलं. बारा जागांची नवी यादी केली आणि प्रत्येकीवर दोन-दोन दिवस घालवले. त्यांचं प्रॉडक्ट वापरून पाहिलं, कुठे अडतंय ते शोधलं, शक्य तिथे छोटासा कोड लिहून जोडला. बारापैकी चार ठिकाणांहून उत्तर आलं, एका ठिकाणी नोकरी लागली. मी रामानुजन नाही हे सांगायला नकोच. पण रकाना कोरा राहिला नाही.

आता नव्या टीममध्ये रेझ्युमे चाळायचं काम अधूनमधून माझ्याकडेही येतं. परवा एक आला. कॉलेजचं नाव कधी न ऐकलेलं, मधली दोन वर्षं रिकामी, इंग्रजी मोडकंतोडकं. हात सवयीने पुढच्या फाइलकडे गेला होता. खाली एका प्रोजेक्टची लिंक होती. थांबलो, आणि उघडली.