ऑटोकॅडमध्ये ग्रुप आणि ब्लॉक कसे एडिट करावेत? एक बदल कुठवर पोहोचतो?

ऑटोकॅडमध्ये अनेक रेषा, चाप आणि अक्षरे एकत्र बांधून एकच वस्तू असल्यासारखी वापरता येतात. दरवाजा, खिडकी, पलंग, वॉश बेसिन, विजेचा पॉइंट अशा गोष्टी प्लॅनमध्ये वारंवार येतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा काढण्याऐवजी एकदा बांधून ठेवल्या जातात. अडचण येते ती त्यात बदल करताना. कधी एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे होतो, कधी तो सगळीकडे हवा असूनही एकाच जागी होतो. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर बरोबर असते; बांधणी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहिलेले नसते.

बांधणीचे तीन प्रकार

ग्रुप: ही फक्त सिलेक्ट करण्याची सोय आहे. एका वस्तूवर क्लिक केले की ग्रुपमधल्या सगळ्या वस्तू एकदम निवडल्या जातात. ग्रुपची कॉपी केली तर ती मूळ ग्रुपपासून स्वतंत्र असते.

ब्लॉक: येथे आकाराची एकच व्याख्या ड्रॉइंगमध्ये साठवलेली असते आणि प्लॅनवर दिसणारा प्रत्येक ब्लॉक त्या व्याख्येकडे बोट दाखवतो. व्याख्या बदलली की त्या नावाचे सगळे ब्लॉक बदलतात.

एक्सरेफ: येथे मूळ आकार दुसऱ्याच फाइलमध्ये असतो. ती फाइल बदलली की तिला जोडलेल्या सगळ्या ड्रॉइंगमध्ये बदल दिसतो.

थोडक्यात, ग्रुपमधला बदल त्या जागेपुरता, ब्लॉकमधला बदल त्या ड्रॉइंगभर आणि एक्सरेफमधला बदल अनेक ड्रॉइंगमध्ये.

एक व्याख्या आणि तिच्या अनेक प्रती ही कल्पना ऑटोकॅडपेक्षा जुनी आहे. इव्हान सदरलँड यांनी एमआयटीमध्ये १९६३ साली मांडलेल्या स्केचपॅड या प्रोग्राममध्येही मूळ चित्र बदलले की त्याच्या सगळ्या प्रती बदलत असत. ऑटोकॅड त्यानंतर १९८२ मध्ये आले.

वस्तू कोणत्या प्रकारची आहे, हे कसे ओळखावे?

वस्तू सिलेक्ट करून कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबली की प्रॉपर्टीज पॅलेट उघडते. वरच्या बाजूला ‘ब्लॉक रेफरन्स’ किंवा ‘एक्स्टर्नल रेफरन्स’ असे दिसले तर प्रश्न मिटला. एका क्लिकवर बऱ्याच वस्तू निवडल्या गेल्या आणि तेथे वस्तूंची एकूण संख्या दिसली, तर तो ग्रुप आहे. लिस्ट कमांडनेही वस्तूचा प्रकार आणि ब्लॉकचे नाव कळते.

ग्रुपमधली एकच वस्तू बदलायची असेल तर

त्यासाठी ग्रुप मोडण्याची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही बटणे एकत्र दाबल्यावर ग्रुप सिलेक्शन तात्पुरते बंद होते. मग हवी ती एकच रेषा निवडून बदलता येते. काम झाल्यावर तीच बटणे पुन्हा दाबावीत. हे विसरले तर पुढच्या मूव्ह कमांडमध्ये पलंगाची एकच कड सरकते आणि बाकीचा पलंग जागेवर राहतो.

ग्रुपमध्ये वस्तू घालायची किंवा काढायची असेल तर ग्रुपएडिट, आणि ग्रुप कायमचा सोडवायचा असेल तर अनग्रुप कमांड वापरतात.

ब्लॉक बदलण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग ब्लॉक एडिटरचा. साध्या ब्लॉकवर डबल क्लिक केले किंवा बीएडिट कमांड दिली की ब्लॉक वेगळ्या खिडकीत उघडतो. बदल करून सेव्ह केले की तो सगळीकडे लागू होतो. ब्लॉकमध्ये ॲट्रिब्यूट, म्हणजे भरायची माहिती असेल, तर डबल क्लिकवर ती माहिती बदलण्याची चौकट उघडते. आकार बदलण्यासाठी तेव्हा बीएडिट द्यावे लागते.

दुसरा मार्ग रेफएडिटचा. यात ब्लॉक प्लॅनवरच्या जागीच उघडतो आणि आजूबाजूचे ड्रॉइंग फिकट होते. बेसिन भिंतीला नीट टेकते का, हे पाहत बदल करायचा असेल तेव्हा हा मार्ग सोयीचा. काम झाल्यावर रेफक्लोज कमांडने बदल सेव्ह करायचे किंवा सोडून द्यायचे.

मात्र जागेवर उघडल्यामुळे फक्त तोच एक ब्लॉक बदलत आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. रेफएडिटनेही व्याख्याच बदलते.

फक्त एकच ब्लॉक बदलायचा असेल तर

समजा, सात मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत. म्हणजे ७५० मिमी रुंदीचे ५६ दरवाजे. एका फ्लॅटमध्ये व्हीलचेअर वापरणारे आजोबा राहणार असल्याने तेथे ९०० मिमीचा दरवाजा हवा आहे. कोणी ब्लॉक एडिटरमध्ये रुंदी वाढवली, तर ५६ दरवाजे ९०० मिमीचे होतील. भिंतीच्या रेषा ब्लॉकमध्ये नसल्याने भिंतीत सोडलेली जागा मात्र ७५० मिमीच राहील. असा प्लॅन साइटवर गेला तर चौकटी एका मापाच्या आणि जागा दुसऱ्या मापाची, असा घोळ होतो.

येथे ब्लॉक एडिटरमधून ‘सेव्ह ब्लॉक ॲज’ करून नव्या नावाचा ब्लॉक तयार करावा. जुना ब्लॉक आपोआप बदलत नाही. त्या जागेवरचा जुना काढून नवा ठेवावा लागतो. असे वेगवेगळे माप वारंवार लागत असेल तर डायनॅमिक ब्लॉक करून ठेवणे चांगले. ऑटोकॅड २००६ या आवृत्तीत आलेल्या या सोयीमुळे एकाच व्याख्येतून प्रत्येक दरवाजाची रुंदी वेगळी ठेवता येते.

एक्सप्लोड शेवटी का वापरावे?

ब्लॉक बदलता येत नाही असे वाटले की अनेकजण एक्सप्लोड करतात. त्याने तो ब्लॉक सुट्या रेषांमध्ये मोडतो. मूळ व्याख्या आणि बाकीचे ब्लॉक तसेच राहतात, पण मोडलेला दरवाजा आता दरवाजा म्हणून मोजला जात नाही. ५६ पैकी तीन मोडले तर मोजणीत ५३ येतील. पुढे व्याख्या बदलली तरी ते तीन जुनेच राहतील.

ॲट्रिब्यूट असलेला ब्लॉक एक्सप्लोड केला तर भरलेली माहिती जाते आणि तिच्या जागी फक्त रकान्याचे नाव उरते. मोडणे अटळच असेल तर एक्सप्रेस टूल्समधली बर्स्ट कमांड ती माहिती साध्या अक्षरांच्या रूपात टिकवते.

नेहमी अडवणाऱ्या तीन गोष्टी

लेयर: ‘शून्य’ लेयरवर, रंग बायलेयर ठेवून काढलेला ब्लॉक ज्या लेयरवर ठेवला जाईल त्याचा रंग घेतो. आतल्या रेषा दुसऱ्या लेयरवर असतील तर ब्लॉकचा लेयर बदलूनही त्यांचा रंग बदलत नाही.

नवा ॲट्रिब्यूट: ब्लॉकमध्ये नवा ॲट्रिब्यूट घातला तरी आधी ठेवलेल्या ब्लॉकमध्ये तो दिसत नाही. त्यासाठी ॲटसिंक कमांड द्यावी लागते.

सारखे नाव: दुसऱ्या ड्रॉइंगमधून त्याच नावाचा ब्लॉक पेस्ट केला तर चालू ड्रॉइंगमधला जुना आकारच येतो. त्यामुळे ‘दरवाजा’ इतकेच नाव देण्यापेक्षा नावात मापही लिहावे.

एक्सरेफ बदलताना

एक्सरेफही रेफएडिटने बदलता येतो, पण सेव्ह केल्यावर बदल मूळ फाइलमध्ये लिहिला जातो. स्ट्रक्चर, प्लंबिंग आणि वायरिंगचे ड्रॉइंग एकाच आर्किटेक्टच्या प्लॅनवर बसवलेले असेल, तर रीलोड केल्यावर किंवा फाइल पुन्हा उघडल्यावर सगळ्यांना बदललेला प्लॅन दिसेल. म्हणून मूळ फाइल ज्यांची आहे त्यांना आधी सांगणे आवश्यक आहे.

ड्रॉइंग पाठवण्याआधी

बदल झाल्यावर त्या ब्लॉकची संख्या पाहावी. ऑटोकॅड २०२२ पासून त्यासाठी काउंट कमांड आहे. संख्या आधीइतकीच आली, तर कोणताही ब्लॉक मोडला किंवा गळला नाही याची खात्री होते. त्यानंतर बदललेल्या ब्लॉकच्या आणखी दोन-तीन जागांवर झूम करून तो भिंतीत नीट बसतो का, हे तपासावे आणि मगच फाइल पुढे पाठवावी.