धावण्याआधी ओढायची पावडर

दम्याच्या मुलाला धाप लागते ती बहुतेकदा पळताना नव्हे, पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी. म्हणून औषध पळण्याआधीच द्यायचं. आज ही गोष्ट साधी वाटते, पण दमा उठल्यावर निरुपयोगी आणि उठण्याआधी गुणकारी असं औषध मुळात सापडलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे.

त्याचं मूळ खेल्ला या वनस्पतीत आहे. ही आपल्या ओव्याच्या कुळातली. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखात मुतखड्याच्या कळांवर तिचा काढा देत. तिच्या बियांतलं खेलिन हे द्रव्य आखडलेले स्नायू सैल करतं, पण पोटात मळमळही उठवतं. इंग्लंडमधल्या बेंगर्स कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ या रेणूत फेरफार करून दम्याचं औषध शोधत होते. 1956 मध्ये तिथे रॉजर अल्टुन्यान हा डॉक्टर रुजू झाला.

जन्म 1922 चा, सीरियातल्या अलेप्पोचा. घराणं आर्मेनियन-इंग्रज, आजोबा आणि वडील दोघेही तिथले डॉक्टर. आर्थर रॅन्समच्या 1930 मधल्या ‘स्वॅलोज अँड अॅमेझॉन्स’ या मुलांच्या कादंबरीतला धाकटा रॉजर याच्यावरूनच बेतलेला. मुलांच्या गोष्टीतलं पात्र मोठेपणी मुलांच्याही उपयोगाचं दम्याचं औषध काढतं, हे एखाद्या कादंबरीत आलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं!

रॉजरला स्वतःला दमा होता. गिनीपिगवरच्या चाचण्यांवर त्याचा भरवसा नव्हता; माणसाचा दमा माणसातच तपासावा, असं त्याचं म्हणणं. त्याला गिनीपिगच्या केसांचं वावडं. मग केस भिजवलेल्या पाण्याचा फवारा तो छातीत ओढून घेई, मुद्दाम दमा उठवी आणि श्वास किती घटला ते मोजी. आधी नवं रसायन घेतलं तर तो किती कमी घटतो, हे पाही. अशी शेकडो रसायनं त्याने स्वतःवर तपासली. आजची कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण आक्रसलेली श्वासनलिका न उघडणारं औषध नेहमीच्या चाळणीतून कधीच गळून पडलं असतं. 1965 मध्ये हाती आलेलं सोडियम क्रोमोग्लायकेट नेमकं तसंच होतं.

ते पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून पावडर थेट फुप्फुसात पोचवायला हवी. रॉजर युद्धकाळात हवाई दलात वैमानिक होता. विमानाच्या पंख्याचीच कल्पना वापरून त्याने केलेल्या ‘स्पिनहेलर’मध्ये कॅप्सूल चिमुकल्या पंख्यावर बसे. बाहेरची नळी सरकवली की कॅप्सूलला भोकं पडत. मग तोंडाने जोरात श्वास ओढला की पंखा फिरून आतली 20 मिलिग्रॅम पावडर उधळे.

‘इंटाल’ नावाने हे औषध 1968 च्या सुमारास बाजारात आलं. मुलांना ट्रेडमिलवर सहा-आठ मिनिटं पळवून श्वास मोजण्याच्या चाचण्यांत ते पळण्याआधी दिलं, तर दमा बऱ्याच मुलांत कमी उठे. दुष्परिणामही नगण्य.

तरी पुढे त्याची जागा सालब्युटामॉलने घेतली. पळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घेतलेला त्याचा पंप अधिक परिणामकारक ठरतो, शिवाय उठलेला दमाही शमवतो. तोच पंप रोज लागू लागला, तर मूळ दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टर स्टेरॉइडचा इनहेलर नियमित देतात. काहींना मॉन्टेलुकास्टची गोळी.

आपल्याकडे दम्याची मुलं रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून पावडर ओढतात, ती पद्धत स्पिनहेलरच्याच वाटेवरची. क्रोमोग्लायकेट मात्र आता बहुतेकांना भेटतं ते अॅलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांच्या थेंबांत.