मायापुरीतील कोबाल्ट आणि विद्यापीठाची विस्मृती

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागासाठी १९६८ मध्ये कॅनडाहून ‘गॅमासेल’ हे उपकरण आणण्यात आले. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-६० च्या कांड्या होत्या. त्यांतून निघणाऱ्या गॅमा किरणांचा पदार्थांवर होणारा परिणाम त्याच्या साहाय्याने अभ्यासला जाई. पुढे ते वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले आणि १९८५ नंतर उपकरण तसेच पडून राहिले.

फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात ते पोहोचले. आत काय आहे याची कल्पना नसलेल्या कामगारांनी धातू वेगळा काढण्यासाठी ते फोडले. एप्रिलच्या आरंभी त्वचा काळवंडलेला एक भंगार व्यावसायिक रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा संशय बळावला. अणुऊर्जा क्षेत्रातील तज्ज्ञांनी विखुरलेले तुकडे शोधून नरोरा अणुवीज केंद्रात हलवले. मात्र २६ एप्रिलला एका कामगाराचा मृत्यू झाला. इतर अनेकांना किरणोत्साराच्या इजा झाल्या. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये बंद पडलेल्या रुग्णालयातील सीझियमने असाच अनर्थ घडवला होता, आणि तेथेही पहिले बळी भंगाराशी संबंधित कुटुंबांतलेच होते.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षांचा. म्हणजे ४२ वर्षांत त्याची तीव्रता जवळपास आठ वेळा निम्मी होऊन मूळच्या अडीचशेव्या हिश्शावर आली होती. तेवढा अंशही प्राणघातक ठरला. उपकरणाविषयीची संस्थेची स्मृती त्याहून लवकर क्षीण झाली होती. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ ची. हे उपकरण त्याच्या पंधरा वर्षे आधीचे. नियमांनुसार असा स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवायचा वा अधिकृत यंत्रणेच्या स्वाधीन करायचा असतो. लिलावात काढायचा नसतो.

आज ‘हरित परिसर’ म्हटले की सौरपट्टिका, पर्जन्यजलसंधारण आणि वृक्षारोपण डोळ्यांसमोर येते. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात ‘नॅक’ घातक रसायने व किरणोत्सारी कचरा यांच्या व्यवस्थेविषयीही विचारणा करू लागली, हे स्वागतार्ह आहे. परंतु ते उत्तर केवळ अहवालापुरते राहू नये. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक घातक वस्तूच्या नोंदीत तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची तरतूद पहिल्याच दिवशी हवी, आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाकडून ती नोंद पुढील व्यक्तीच्या हाती रीतसर सोपवली गेली पाहिजे. मायापुरीत या हलगर्जीपणाची किंमत मोजली ती त्या विद्यापीठाशी कसलाही संबंध नसलेल्या एका मजुराने.