३६ फोटोंचं लग्न

परवा नागापूरला, म्हणजे नगरच्या एमआयडीसीजवळ, मावसभावाचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अंतरपाटाभोवती तीन कॅमेरेवाले, वर ड्रोन! पहिल्या रांगेतल्या आजीला नवरानवरी दिसलेच नाहीत. "एवढ्या लांबून आले, अन् पाठीच बघितल्या," म्हणाली.

संध्याकाळी तिने मामाच्या लग्नाचा अल्बम काढला. मोजून ३४ फोटो. रोल ३६ चा, दोन वाया गेलेले.

म्हटलं, जरा मागे जाऊन बघू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. त्या काळी काच ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवावा लागे, आणि हललं की चेहरा पुसट. त्यात सप्तपदी कशी टिपणार? फोटो हवा तर नटूनथटून, स्तब्ध बसायचं.

१९३४ मध्ये कोडॅकने ३५ मिलिमीटरचा रोल तयार डबीत आणला. असे सुटसुटीत कॅमेरे पुढे मांडवातही शिरले. पण प्रत्येक क्लिकला पैसे पडायचे, म्हणून फोटोवाला योग्य क्षणाची वाट बघायचा. डिजिटलमध्ये हा खर्चच उरला नाही.

थोडक्यात काय, शिस्त रोल लावत होता. आता ती आपणच लावायची.

डिसेंबरात माझं लग्न आहे. फोटोवाल्याला सांगून टाकलंय: मंगलाष्टकांना एकच कॅमेरा, तोही बाजूला. फोटोसाठी हार पुन्हा घालणार नाही. आणि आजीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

बघू, जमतंय का!