मांडव, देवक आणि आपली लग्नकार्ये

लग्नकार्यातील खर्चास आळा घालावा, असा ठराव आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेपुढे अनेकदा आलेला आहे. प्रत्येक वेळी तो एकमताने संमत होतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि पुढच्या वैशाखातील पहिल्याच दाट तिथीस तो मोडलेला दिसतो. अलीकडे ह्या जुन्या प्रश्नास एक नवा फाटा फुटला आहे. आपल्यातील शिकलेली मुलेमुली लग्न ठरताच म्हणू लागली आहेत की, आमचा विवाह पर्यावरणास बाधक नसावा, आणि त्यातील प्रत्येक विधीचा अर्थ आम्हांस कळलेला असावा. वडील मंडळींस हे परदेशी खूळ वाटते. तेव्हा ह्या विचाराचे मूळ आपल्याच इतिहासात किती खोल गेले आहे, हे ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या लग्नाच्या सामानाची यादी पाहू. मुहूर्तमेढ बहुधा उंबराच्या फांदीची. मांडवाचे वासे शेजाऱ्यांकडून मागून आणलेले, व कार्य उरकताच ज्याचे त्यास परत केलेले. वर आंब्याचे डहाळे. ते आणण्याचा 'मांडवडहाळे' हा एक सोहळाच असे, आणि सोयऱ्यांच्या बैलगाड्या वाजतगाजत येत. दारी केळीचे खुंट, वधूवरांसाठी मातीचे बोहले. अक्षता तांदळाच्या, देशावर काही ठिकाणी ज्वारीच्या. जेवणास पळसाच्या पत्रावळी व द्रोण, कोकणात केळीची पाने. पत्रावळी लावण्याचे काम घरातील वृद्ध माणसे आधी महिनाभर, दुपारच्या वेळी, बांबूच्या चोयांनी करीत असत. चार दिवसांनी ह्या सामानातील काही उकिरड्यात जाऊन त्याचे खत होई, काही गुरांच्या पुढे पडे, आणि बाकीचे ज्याच्या त्याच्या घरी परत जाई. गावाच्या शिवारातून आलेली वस्तू गावाच्या शिवारातच मुरत असे. ह्यास त्या काळी कोणी 'पर्यावरणपूरक' म्हटले नाही, कारण दुसरा मार्गच ठाऊक नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की, ह्यातील प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हातची असे. कुंभार मडकी आणी, सुतार पाट व चौरंग करी, माळी फुले व मुंडावळ्या देई, परीट वरासाठी पायघड्या अंथरी. मामाचा मान निराळा, करवलीचा निराळा, आत्याचा निराळा. वस्तू पाहताच ती कोणी आणली हे मांडवातील पोरासही सांगता येई. मात्र ह्या व्यवस्थेचे गोडवे गाताना सत्य लपवू नये. बलुतेदारीत मानाबरोबर अपमानही होता. ज्याने मांडवाचे कष्ट उपसले त्यालाच मांडवाबाहेर उभे राहावे लागे, अशीही घरे होती. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने गावचाकरीची कनिष्ठ वतने नष्ट झाली, ते योग्यच झाले. ती व्यवस्था परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्याबरोबर नाहीशी झालेली चांगली गोष्ट कोणती, एवढेच शोधावयाचे आहे.

ह्या शोधात सर्वांत मोलाचा धागा म्हणजे देवक. लग्नाआधी देवक बसविल्याशिवाय महाराष्ट्रातील असंख्य कुळांत कार्य पुढे जात नाही. कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाचे वड, रुई वा शमी. कोणाची पाच वृक्षांची पंचपालवी. कोणाचे मोराचे पीस, तर कोणाची कुऱ्हाडही. आर. ई. एन्थोवेन ह्यांनी १९२० ते १९२२ ह्या काळात मुंबई इलाख्यातील जातिजमातींविषयी तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत अशा देवकांच्या नोंदी जागोजाग आढळतात. ज्या झाडाचे देवक, त्या झाडास त्या कुळाने इजा करू नये, असा दंडक पुष्कळ ठिकाणी पाळला जाई. शिवाय ज्या समाजांत समान देवकाच्या कुळांत सोयरीक होत नाही, तेथे प्रत्येक लग्नात दोन निरनिराळी देवके एकत्र येतात. म्हणजे दोन घराण्यांच्या भेटीत दोन झाडांचीही भेट होते. ह्याहून अर्थपूर्ण विधी कोठून आणावयाचा? पण आज देवक म्हणून जी पाने पूजेस येतात, ती कोणत्या झाडाची हे किती वरांस सांगता येईल? बाजारातून पुडी येते, ती मांडवात बांधली जाते, आणि दुसऱ्या दिवशी झाडलोटीत निघून जाते.

अर्थ कळावा हा आग्रहही नवा नाही. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. पुरोहिताविना, थोड्या खर्चात आणि विरोधास न जुमानता तो पार पडला. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यात वधू व वर एकमेकांस मराठीत वचने देतात, आणि वधू आपले हक्क स्वतःच्या तोंडाने मागते. जे बोलावयाचे ते बोलणाऱ्यास समजले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. आपल्या ज्ञातीत जुन्या पद्धतीने लग्न लावणारी घरे आहेत, सत्यशोधक पद्धतीने लावणारी असतील, नोंदणी करून पेढे वाटणारीही आहेत. पद्धत कोणतीही असो, हे तत्त्व सर्वांस लागू पडावे.

आता खर्चाकडे वळू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो आसपास पसरला. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगा आयोगापुढे एक प्रश्न असा होता की, कुणबी कर्जात बुडतो तो लग्नाच्या उधळपट्टीमुळे काय? साहेब लोकांचा व सावकारांचाही तसाच समज होता. आयोगाने मात्र निष्कर्ष काढला की, ह्या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असतो हे खरे. पण तो प्रसंग क्वचित येतो, आणि शेतकऱ्याचे कर्ज फुगते ते पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी व सरकारी साऱ्यासाठी वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमांनी.

हा निष्कर्ष सुज्ञांनी नीट ध्यानात घ्यावा. त्या काळच्या लग्नातील बरेचसे सामान पैशाने विकत घ्यावे लागत नसे. आजच्या लग्नातील जवळजवळ सर्वच विकत घ्यावे लागते. मांडवाच्या जागी कार्यालय, डहाळ्यांच्या जागी थर्माकोल व कापडी फुले, पत्रावळीच्या जागी मेण लावलेल्या कागदी ताटल्या, तांब्याभांड्याच्या जागी प्लॅस्टिकच्या बाटल्या, सनई-चौघड्याच्या जागी भिंतीएवढे ध्वनिक्षेपक. प्रत्येकाचे बिल वेगळे आणि प्रत्येकाचा कचरा वेगळा. शेजाऱ्याचे हात मांडवातून गेले, तेव्हाच कुजणारी वस्तूही गेली, आणि तिच्या जागी न कुजणारी वस्तू व न फिटणारे कर्ज आले. म्हणूनच खर्च, कचरा आणि अर्थशून्यता हे तीन प्रश्न वेगळे काढून सुटणार नाहीत, असे आमचे नम्र मत आहे.

ह्या कर्जाविरुद्ध संत गाडगे महाराज ह्यांनी, १९५६ साली देह ठेवीपर्यंत, गावोगाव कीर्तनांतून बजावले की, ऋण काढून लग्न करू नका. कायद्यानेही आपल्या परीने प्रयत्न केले आहेत. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई केली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये थर्माकोल व प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. पण हुंड्याने नाव बदलले, ध्वनिक्षेपक दहानंतरही वाजतात, आणि बंदी असलेली ताटली मागच्या दाराने येते. कारण कायदा काय, आणि आपला ठराव काय, काय सोडावे तेवढेच सांगतो. सोडलेल्या वस्तूच्या जागी कोणी काय आणावयाचे, हे ठरविल्याशिवाय वधूपित्याचा धीर होत नाही. 'लोक काय म्हणतील' ह्या भयापुढे तो एकटा पडतो, आणि जमिनीचा तुकडा गहाण टाकतो.

ह्यास्तव आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. मंडळाने दोनशे माणसांच्या पंगतीस पुरतील इतकी स्टीलची ताटे, वाट्या, पेले, आणि पाण्याची पिंपे विकत घेऊन ती ज्ञातीतील प्रत्येक कार्यास, श्रीमंत-गरीब असा भेद न करता, द्यावीत. वापरणाऱ्याने ती घासून परत करावीत. ज्या घरी लग्न ठरेल त्या घरच्या आप्तांनी आहेराच्या पाकिटाऐवजी एकेक जिन्नस वाटून घ्यावा: कोणी तांदूळ, कोणी फुले, कोणी पत्रावळी. अक्षता मूठभर असाव्यात, उरलेले धान्य शिजवावे. पंगतीत वाढणाऱ्याने विचारून वाढावे; आग्रहाने ताटात टाकलेली जिलबी ही जुनी चालच असली, तरी ती चांगली चाल नव्हती, हे मान्य करावे. वधूवरांनी विधीतील वचने आधी मराठीत वाचून समजून घ्यावीत. आणि प्रत्येक घराने आपले देवक कोणते ते वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. ज्या घरी ते झाड असेल, तेथे लग्नाच्या दिवशी दोन्ही कुळांची दोन रोपे वधूवरांनी स्वहस्ते लावावीत. मात्र पाहुण्यांना शेकडो रोपे वाटून ती कार्यालयाच्या पायरीवर सुकू देण्याचा प्रकार करू नये. दोनच लावावीत, पण जगवावीत.

ह्या ठिकाणी एक शंका घेतली जाईल की, असे लग्न केल्याने घराण्याची प्रतिष्ठा कमी होते. ज्यांची ऐपत आहे त्यांनीच प्रथम असे कार्य करून दाखविल्यास ही शंका आपोआप मिटेल. गरिबाने साधेपणा केला तर त्यास नाइलाज म्हणतात. संपन्न माणसाने केला तर त्याचा पायंडा पडतो. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत अशी संपन्न घरे आहेत, आणि त्यांच्याकडे येत्या वर्षांत कार्ये निघणार आहेत. ठराव मांडणारा व ठराव पाळणारा हा एकच गृहस्थ असावा, एवढी अपेक्षा एका निवृत्त शिक्षकाने करणे अनुचित ठरू नये.

येत्या वार्षिक सभेत ह्या विषयाचा पुन्हा विचार होईल तेव्हा, टाळ्यांबरोबर ताटांच्या वर्गणीची यादीही फिरावी, अशी सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे.