उजनी जलाशयकाठचा भूमिउपयोग

उजनी जलाशयकाठचा भूमिउपयोग : भीमा नदीवरील उजनी धरणामुळे निर्माण झालेल्या यशवंतसागर जलाशयाच्या दोन्ही तीरांवरील जमिनीचा वापर व त्याच्या नियोजनाचा इतिहास. धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी गावाजवळ आहे. जलाशय मात्र वरच्या अंगास करमाळा (सोलापूर), इंदापूर व दौंड (पुणे) आणि कर्जत (अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) या तालुक्यांच्या सीमांवर लांबवर पसरला आहे. पाणी, मासळी, नौकानयन, गाळाची जमीन व पक्षिजीवन या सर्वांचा उपयोग ज्या एका पट्ट्यात एकवटतो तो हा काठ असून, मूळ प्रकल्पात सर्वांत कमी विचार झाला तोही याच पट्ट्याचा.

धरणापूर्वी हा प्रदेश भीमेच्या काठचा, पण अवर्षणप्रवणच होता. येथील वार्षिक पाऊस सरासरी ५० ते ६० सेंमी. असून नदीला येणारे पाणी मुख्यतः सह्याद्रीतील पावसाचे असते. नदीलगतच्या काळ्या जमिनीत ज्वारी, करडई, हरभरा ही रब्बी पिके घेतली जात. मळई व विहिरींखालील बागाईत मर्यादित असे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुणे–डिकसळ हा टप्पा १८५८ मध्ये, तर सोलापूरपर्यंतचा मार्ग १८६० मध्ये खुला झाला. डिकसळजवळ भीमेवर बांधलेला पूल जलाशयामुळे लोहमार्ग वळविल्यानंतर रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरात आला आणि करमाळा व इंदापूर या तालुक्यांना जोडणारा दुवा म्हणून दीर्घकाळ उपयोगी पडला.

धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली व १९८० मध्ये काम पूर्ण झाले. जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. ३,३२० दशलक्ष घ. मी. (११७ अब्ज घ. फूट) असून त्यांपैकी सु. १,५१७ दशलक्ष घ. मी. उपयुक्त साठा आहे, उरलेला सु. १,८०३ दशलक्ष घ. मी. साठा ‘मृत’ म्हणून गणला जातो. अर्ध्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात असणे ही या धरणाची विशेष बाब होय. पूर्ण संचयपातळी समुद्रसपाटीपासून ४९६·८३ मी., तर उपयुक्त साठ्याची तळपातळी ४९१·०३ मी. आहे. म्हणजे कालव्यांना मिळणारे सर्व पाणी अवघ्या ५·८ मी. जाडीच्या थरात साठते. पूर्ण भरल्यावर सु. ३३० चौ. किमी. पसरणारा हा जलाशय उथळ उताराच्या जमिनीवर असल्यामुळे पातळी एक मीटरने उतरली, तरी पाण्याची कड कित्येक ठिकाणी फार दूर सरकते. काठ ही येथे रेषा नसून दर ऋतूत जागा बदलणारा रुंद पट्टा आहे. नियोजनाच्या बहुतेक अडचणी याच वस्तुस्थितीतून उद्भवल्या आहेत.

पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनी जलाशयासाठी संपादित झाल्या. पळसदेव येथील पळसनाथाचे जुने दगडी मंदिर व कुगाव येथील इनामदारांचा वाडा पाण्याखाली गेला. तीव्र टंचाईच्या वर्षी त्यांचे अवशेष उघडे पडतात. विस्थापितांपैकी काही कुटुंबांना लाभक्षेत्रात जमिनी देण्यात आल्या. अनेकांनी मात्र जुन्या शिवारातच पाण्याच्या वरच्या अंगास नवी गावठाणे वसविली. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला. पुढे १९८६ व १९९९ मध्ये त्याच्या जागी नवे कायदे आले. लाभक्षेत्रातील ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक जमीन असलेल्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावयाची, हे या कायद्यांचे सूत्र न्याय्य होते. तथापि त्याने जमिनीचे दोनच वर्ग मानले : बुडणारी व भिजणारी. कालवे धरणाच्या पायथ्यापासून खाली जात असल्याने काठावर राहिलेली गावे बुडणाऱ्यांत मोडली; भिजणाऱ्यांत त्यांची गणना झाली नाही. पाणी दारात असूनही ती लाभक्षेत्राबाहेर राहिली.

ही उणीव शेतकऱ्यांनी आपल्या परीने भरून काढली. काठावर विद्युत् पंप बसवून व लांबच लांब नळ टाकून उपसा सिंचन सुरू झाले आणि करमाळा, इंदापूर व माढा तालुक्यांतील जिरायत शिवारे पाहता पाहता उसाखाली आली. करमाळा तालुक्यातील कंदर व परिसर केळीच्या निर्यातीसाठी प्रसिद्धीस आला. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक बनला, यात कालव्याइतकाच या उपशाचाही वाटा आहे. एका अर्थी ही विस्थापितांनी स्वतः घडवून आणलेली भरपाईच होय. मात्र तिला आराखडा नव्हता. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले, की पंप, केबल व नळ त्यामागे न्यावे लागतात. चाऱ्या खोदून पाणी पंपापर्यंत आणावे लागते. हा खर्च दरवर्षीचा असून लहान शेतकऱ्यास तो न पेलणारा ठरतो. मृतसाठ्यातून होणारा उपसा टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करतो आणि मग पंपांच्या वीजपुरवठ्याचे तास कमी करण्याचा उपाय योजावा लागतो. सोलापूर शहरास उजनीतून नळाने पाणी मिळते. शिवाय पिण्यासाठी भीमेच्या पात्रातही पाणी सोडले जाते. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उणे ६० टक्क्यांच्या जवळपास गेली. ही ‘उणे’ टक्केवारी म्हणजे उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात मोजलेला मृतसाठ्याचा वापर होय.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीस ‘गाळपेर’ म्हणतात. ही जमीन संपादित, म्हणजे शासनाची असते. ती अल्प मुदतीच्या पट्ट्याने, मूळ धारकांना प्राधान्य देऊन कसण्यास देण्याची पद्धत आहे. ओलाव्यावर चांगले पीक येत असले, तरी वापराची खात्री मोसमापुरतीच असल्याने तीत टिकाऊ सुधारणा करण्यास कोणी धजत नाही. मूळ मालकाला आपलीच जमीन भाड्याने कसावी लागावी, यातील दुःख कागदोपत्री दिसत नाही. गाळपेरीवरील तंट्यांच्या मुळाशी मात्र ते असते.

याच दशकांत महाराष्ट्रात दुसऱ्या एका जलकाठाचे नियोजन चालू होते. मुंबईसमोरील उरण–पनवेल भागात नव्या शहरासाठी १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. तेथील भूमिपुत्रांनाही जमिनीसाठी झगडावे लागले. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे बळी गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व रूढ झाले. धक्का, गोदामे, रस्ते, लोहमार्ग व वसाहत यांसाठी बंदरात आरंभीच जागा नेमल्या जातात आणि त्यांना जबाबदार असे एक प्राधिकरण असते. समुद्रकाठासाठी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचनाही लागू आहे. उजनीच्या काठास असा एकच धनी नाही. पाणी व संपादित जमीन जलसंपदा खात्याची, पट्टे व वाळू महसुलाकडे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडे, पक्षी वन खात्याकडे आणि वस्ती ग्रामपंचायतीकडे, अशी विभागणी आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळल्याने त्या वाटेनेही संरक्षण मिळत नाही.

या विभागणीचे परिणाम काठावर दिसतात. भिगवण, कुंभारगाव व डिकसळ येथील उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित (अग्निपंख), पट्टकादंब इ. पक्षी येतात, चित्रबलाकही येथे आढळतात. पक्षिनिरीक्षकांना नावेतून फिरवून कुंभारगावच्या मच्छीमारांनी जोडउत्पन्न मिळविले आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मध्यमेश्वर हा बंधाऱ्यामुळे बनलेला जलाशय २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. त्यामानाने उजनीस मिळालेली मान्यता लौकिकापुरतीच आहे. मत्स्यव्यवसाय मुख्यतः भोई समाजाकडे असून भिगवणचा मासळीबाजार मोठा आहे. कटला, रोहू यांचे बीज सोडले जाते, परंतु बाहेरून आलेला चिलापी आता जाळ्यात मोठ्या प्रमाणावर सापडतो आणि बारीक विणीच्या जाळ्यांमुळे लहान मासे वाढण्यापूर्वीच पकडले जातात. नौकांतून होणाऱ्या अवैध वाळूउपशाविरुद्ध महसूल खात्याने वेळोवेळी बोटी स्फोटकांनी नष्ट केल्या आहेत. पुणे व पिंपरी-चिंचवड यांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी यांच्यावाटे जलाशयास मिळत असल्याने पाण्यास हिरवट रंग येतो व जलपर्णी फोफावते. काठच्या गावांना या पाण्याचा त्रास प्रथम होतो. त्याचा उगम मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. २०२१ मध्ये उजनीतील पाच अब्ज घ. फूट पाणी इंदापूर तालुक्याच्या योजनांसाठी देण्याचा आदेश निघाला, तेव्हा ते सांडपाण्याचे म्हणून दाखविण्यात आले होते. सोलापूर जिल्ह्यातील विरोधामुळे तो आदेश त्याच वर्षी रद्द झाला.

दळणवळणाचा प्रश्न सर्वांत जुना. पूर्वी उन्हाळ्यात उताराने ओलांडता येणारी भीमा आता समोरासमोरच्या गावांमध्ये विस्तीर्ण पाणी होऊन पसरली आहे. बाजार, शाळा, दवाखाना व सोयरिकी पलीकडच्या तीरावर असल्याने दूरच्या पुलाचा वळसा टाळण्यासाठी प्रवासी होडीचा आश्रय घेतात. धक्के, प्रवासीसंख्येवरील नियंत्रण व तरंगजाकिटे यांची व्यवस्था बंदरात गृहीत धरली जाते. येथे ती लागावी असे कोणाच्याही आराखड्यात नव्हते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून (करमाळा) कळाशीकडे (इंदापूर) जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. कुगाव व इंदापूर तालुक्यातील शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलाची मागणी या गावांतून फार पूर्वीपासून होत होती. तो पूल आता हाती घेण्यात आला आहे.