आम्ही पाटील नव्हतो

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सध्या दाखल्यासाठी जुने कागद शोधणं चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

झालं असं की, पुतण्याची बारावी झाली आणि घरात कुणबी दाखल्याचा विषय निघाला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग सगळ्या राज्यासाठी. पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं आणि आमच्या मुळशीतही घरोघरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. मी पत्रकार, म्हणजे घरच्यांच्या मते माझी सगळीकडे ओळख. त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

आम्ही आडनाव लावतो पाटील. माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, लहानपणापासून एक गोष्ट सांगत आलेत. मुळशी धरणात बुडालेल्या गावाची पाटीलकी आपल्याकडे होती. सनद होती, शिक्का होता. धरणाचं पाणी चढलं त्यात सगळं गेलं. आम्ही पोरं ही गोष्ट ऐकत मोठे झालो. मी तर एकदा दिवाळी अंकात तसं लिहूनही टाकलं होतं. आज ते वाचताना लाज वाटते.

पहिले पंधरा दिवस मी रेकॉर्डमध्ये 'पाटील' शोधत होतो. एकही सापडला नाही. शेवटी एका कार्यालयातले मोडी वाचणारे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "साहेब, पाटील हे आडनाव कुठंय? ते काम आहे. तुम्ही तहसीलदार आडनावाचा माणूस शोधताय."

तिथून खरा अभ्यास सुरू झाला.

पाटीलकी हे वतन होतं. गावचा वसूल, बंदोबस्त पाटलाकडे, लिहिणं कुलकर्ण्याकडे. जुन्या महजरांवर पाटलाची निशाणी नांगर आणि कुलकर्ण्याची लेखणी. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचं वंशपरंपरागत पद गेलं, पण तोपर्यंत कितीतरी घरांत पदाचंच आडनाव झालं होतं. देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले, सगळ्यांचं तेच. खाली मूळ आडनाव वेगळं असतं. आपल्या मावळातलीच उदाहरणं घ्या. मुठे खोऱ्याचे देशमुख मारणे, मोसे खोऱ्याचे पासलकर, हिरडस मावळाचे बांदल. देशमुखी हे पद, आडनाव वेगळं.

दुसरी अडचण, जुन्या कागदात पुष्कळदा आडनावच नसतं. 'अमका बिन तमका' असं लिहिलेलं असतं. बिन म्हणजे मुलगा. गावात सगळे एकमेकांना ओळखायचे, आडनावाची गरज कुणाला होती? आडनावाची सक्ती आली ती शाळेच्या रजिस्टरला, कारखान्याच्या हजेरीपटाला आणि कोर्टकचेरीला.

तिसरी अडचण मोडी. ओळीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. एक अक्षर चुकीचं लागलं की आडनाव बदलतं. त्यात साल कुठे शक, कुठे फसली, त्याहून जुन्या कागदात शुहूर सन. फसलीत ढोबळमानाने ५९० मिळवायचे, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. हे माहीत नसलं तर खापरपणजोबा पणतूच्या नंतर जन्मलेला निघतो. हसू नका, मी तसा एक कागद घरी आणला होता.

आता मुळशीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंग्रजी काळात हा मुळशी पेटा. टाटांच्या वीज कंपनीने मुळा-निळेच्या संगमाशी धरण घेतलं. बावन्न गावांचा प्रश्न होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना सेनापती म्हणू लागले ते इथूनच. शाळेत आपल्याला एवढंच सांगतात. पण राजेंद्र व्होरांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक वाचा. खोऱ्यातली बरीच जमीन तेव्हा कागदावर सावकारांची झालेली होती. सावकार भरपाई घ्यायला तयार, कसणारा मावळा जमीन सोडायला तयार नाही. म्हणजे ज्याचं नाव कागदावर, त्याला पैसे. ज्याचा घाम जमिनीत, त्याचं नाव कागदावर नाही.

माझा पणजोबा यातल्या कुठल्या बाजूला होता, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. पाटील म्हटल्यावर कशाला पडेल?

उत्तर मिळालं आत्याकडे. तात्यांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. वंशावळीत बायका नसतातच, फक्त पुरुषांची नावं एकाखाली एक. मी सहज विचारलं तर म्हणाली, "आपण कशाचं पाटील? पाटील तर मुकादम व्हता." आणि उशाच्या पेटीतून तिच्या लग्नाची याद काढली. १९५२ ची. सुपारी फुटल्यावर देण्याघेण्याची लिहितात ती यादी. कागद घडीवर फाटलेला, पण अक्षर स्वच्छ. त्यात आजोबांच्या नावापुढे वेगळंच आडनाव होतं.

ते आडनाव इथे लिहीत नाही. त्या आडनावाची बरीच घरं तालुक्यात आहेत, त्यातली काही आमची भावकी निघतील आणि त्यांना फेसबुकवरून कळावं हे बरं दिसत नाही.

आत्याने सांगितलं ते असं. आजोबा लढाईच्या काळात मुंबईला गेले. मुळशी-मावळातली माणसं तेव्हाही डबे पोचवायची, आजही पोचवतात. आजोबा एका टोळीत लागले. मुकादम आपल्याच भागातला, आडनाव पाटील. एका खोलीत दहा-बारा माणसं. १९४३ ला मुंबईत रेशनिंग आलं. कार्ड काढायचं तर कुटुंब दाखवायला हवं. मुकादमाने खोलीतले सगळे आपले भाऊ म्हणून लिहिले. झाले सगळे पाटील. आजोबा गावी परतले, पण कार्डावरचं नाव मुलांच्या शाळेत गेलं आणि शाळेतून आमच्या दाखल्यांवर आलं.

म्हणजे आमची पाटीलकी रेशनच्या तांदळापोटी आलेली!

आता आडनाव हाती होतं, मग कागद भराभर बोलायला लागले. लोकलबोर्डाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबा सापडले, त्याच आडनावाने. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, ज्याला गाव नमुना १४ म्हणतात, पणजोबांच्या मृत्यूची नोंद मोडीत मिळाली. जात कुणबी. आणि बुडालेल्या गावच्या जुन्या कागदात पणजोबा होते, पण खातेदार म्हणून नाही. दुसऱ्याच्या नंबरावर, कसणारा म्हणून. गावचा पाटील कोण, तेही त्याच कागदात होतं. आमच्याशी काही संबंध नाही.

सनद पाण्यात गेली नव्हती. सनद नव्हतीच. पाण्यात गेली ती दुसऱ्याच्या नावावरची जमीन, जी आम्ही पिढ्यान् पिढ्या कसत होतो. तिची भरपाई आम्हाला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

हे मी तात्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पांढरी टोपी डोक्यावर घातली आणि उठून गेले. दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

मधल्या काळात एक एजंट घरी येऊन गेला. त्याने मोठ्या चतुराईने मार्ग काढला होता. बुडालेल्या गावच्या खऱ्या पाटलाच्या घरात माझ्या पणजोबांच्या नावाचा एक माणूस होता, बापाचं नावही तेच. म्हणाला, "वंशावळ तिकडं जोडू. नोंद कुणबीच आहे. आडनावाचं लफडंच राहत नाही." घरातल्या निम्म्या लोकांना पटलं. पोराच्या प्रवेशाची तारीख जवळ, फीचा आकडा समोर. मलाही एक रात्र वाटलं, काय बिघडतंय? आपण कुणबी आहोत हे तर खरंच आहे ना!

बिघडतं हे की, तो दुसऱ्याचा पणजोबा आहे. आमच्या पणजोबाचं नाव आधीच एकदा कागदावर आलं नव्हतं. आता सापडलंय तर आम्हीच ते पुसायचं? आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी पडताळणीत असं प्रकरण कधीतरी उघडं पडतं. तेव्हा पोराची नोकरी जाते, एजंटाचं काही जात नाही.

आम्ही सरळ रस्ता धरला. दोन आडनावं जोडणारा पुरावा हवा होता. तो आजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात मिळाला. तलाठ्याने मूळ आडनाव लिहून पुढे एक शब्द लिहिला होता, 'ऊर्फ पाटील'. त्या तलाठ्याचे पाय धरावेसे वाटले. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो शाळेच्या आणि मृत्यूच्या नोंदीने दिला आणि त्याला आमच्याशी या फेरफाराने बांधलं. अर्ज केला आहे. निकाल अजून आलेला नाही. पुतण्याने यंदा खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतला, फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय.

शोधणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

नुसतं आडनाव जुळलं म्हणून नातं लागत नाही. नाव, बापाचं नाव, गाव, भावांची नावं, जमिनीचा नंबर, यातल्या निदान तीन-चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

सुरुवात घरातल्या ताज्या कागदापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. एकदम शिवकाळात उडी मारू नका. आपले पूर्वज सरदार होते हे आधी ठरवून कागद शोधला, तर कागदही तेच बोलल्यासारखा वाटतो.

मोडी दोघांकडून स्वतंत्र वाचून घ्या.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. माहेरचं मूळ आडनाव, देवक, कुलदैवत, लग्नाची याद, हे त्यांच्याकडे असतं.

घरातला कागद किती मोलाचा असतो बघा. कारीच्या जेध्यांनी आपली शकावली सांभाळली, लोकमान्य टिळकांपर्यंत पोचवली, ती १९१६ च्या सुमारास छापली गेली. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख उभी राहिली त्यात त्या शकावलीचा वाटा मोठा. जेधे देशमुख होते, त्यांच्याकडे दप्तर होतं. आपल्यासारख्यांचं दप्तर म्हणजे कोतवालाने लिहिलेली मृत्यूची एक ओळ. ती वही कसर खातेय. दाखल्यापुरता फोटो काढून आपण निघून येतो. ती नीट राहावी, स्कॅन व्हावी, मोडी वाचणारी माणसं तालुक्यात तयार व्हावीत, यासाठी ग्रामसभेत ठराव करायला काय हरकत आहे?

गेल्या आठवड्यात तात्या आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "आक्काच्या त्या यादीची झेरॉक्स काढून दे एक." मी दिली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वाचली. आपल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "अक्षर कुणाचं असंल रं हे?"

ते अजून शोधतोय.